निवासी पोलीस भरती अकादमी: मैदानात चोख, ठाण्याच्या कामात अपुरी

महाराष्ट्रात पोलीस शिपाई होऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींसाठी आता बहुतेक तालुक्यांच्या गावी एखादी तरी भरती अकादमी आहे. कुठे ती भाड्याच्या दोन खोल्या आणि शाळेचे मैदान एवढ्यावर चालते, तर कुठे तिचे स्वतःचे वसतिगृह, अभ्यासिका आणि मोजून आखलेला ट्रॅक असतो. मी ज्या अकादमीविषयी लिहीत आहे ती दुसऱ्या प्रकारची, पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावाबाहेरील निवासी संस्था आहे. माझी भाची तिथे एका पूर्ण बॅचसाठी राहिली, आणि मी ज्या कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो तेथील बरीच मुले दरवर्षी तिथे जातात. त्यामुळे पालक आणि शिक्षक अशा दोन्ही नात्यांनी तिथला कारभार मला जवळून पाहता आला. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारी येणार आहेत आणि त्यांतल्या बहुतेक या एकट्या संस्थेच्या नाहीत.

माझे मत आधीच सांगतो. ही अकादमी मुलांना भरतीसाठी फार चांगले तयार करते. पोलिसाच्या कामासाठी मात्र ती आठवड्यातला एकच तास देते, आणि तो तास हीच तिच्याकडची सर्वांत मोलाची गोष्ट आहे, हे तिच्या चालकांना अजून उमगलेले दिसत नाही.

आधी भरतीचे गणित समजून घेतले पाहिजे, कारण अकादमीचे सारे वेळापत्रक त्यावर बेतलेले आहे. २०१९ मध्ये राज्य शासनाने आधी लेखी आणि मग मैदानी असा क्रम लावला होता. त्या वर्षी जाहिरात निघालेल्या भरतीची लेखी परीक्षा करोनामुळे थेट २०२१ मध्ये झाली. २०२२ मध्ये नियम पुन्हा बदलले आणि मैदानी चाचणी आधी आली. आज शिपाई पदासाठी मैदानी चाचणीला ५० गुण आणि लेखी परीक्षेला १०० गुण आहेत. मैदानात निम्मे, म्हणजे २५ गुण मिळवणाऱ्यांमधून प्रत्येक प्रवर्गात एका जागेमागे दहा या प्रमाणात उमेदवार लेखीला बोलावले जातात, लेखीत किमान ४० टक्के लागतात, आणि दोन्हींची बेरीज करून गुणवत्ता यादी लागते. २०२४ मध्ये मैदानी चाचण्या झालेल्या भरतीत १७,४७१ जागांसाठी सुमारे पावणेअठरा लाख अर्ज आले होते, म्हणजे एका जागेमागे साधारण शंभर. या आकड्यांकडे पाहिले की २५ गुणांची अट ही निव्वळ कागदावरची राहते. लेखीचे दार उघडायचे तर मैदानात चाळिशी ओलांडावी लागते असे धरूनच येथील मुले धावतात, आणि ते बरोबरही आहे.

मैदानाच्या बाबतीत संस्थेला मी जवळजवळ पूर्ण गुण देईन. मुलांसाठी १६०० मीटर धावणे २० गुणांचे, १०० मीटर १५ गुणांचे आणि गोळाफेक १५ गुणांची असते. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर धावायचे असते. मुलांना २० पैकी २० हवे असतील तर १६०० मीटर पाच मिनिटे दहा सेकंदांत संपवावे लागते, मुलींना ८०० मीटर दोन मिनिटे पन्नास सेकंदांत. बहुतेक ठिकाणी प्रशिक्षक हा आकडा भिंतीवर लिहितात आणि मुलांना पळवत सुटतात. येथील मुख्य प्रशिक्षक, जे स्वतः सैन्यातून निवृत्त झालेले आहेत, तो आकडा फोडून शिकवतात. चारशे मीटरच्या ट्रॅकवर चार फेऱ्या म्हणजे प्रत्येक फेरी साडेसत्त्याहत्तर सेकंदांची. मुलींच्या दोन फेऱ्या प्रत्येकी पंच्याऐंशी सेकंदांच्या. नवखा उमेदवार पहिली फेरी पासष्ट सेकंदांत मारतो, तिसऱ्या फेरीत त्याचे पाय जड होतात आणि चौथीत तो चालायला लागतो. म्हणून पहिले काही आठवडे येथे वेगाने धावण्याला बंदीच असते आणि ठरलेल्या वेळेआधी फेरी पूर्ण करणाऱ्याला पुन्हा धावावे लागते. ऐकायला हे विचित्र वाटते, पण महिना-दीड महिन्यात मुलांच्या अंगात घड्याळ बसते. आठवड्यातून दोन दिवस चारशे मीटरचे तुकडे, एक दिवस लांब पल्ल्याची सावकाश धाव, एक दिवस चढण आणि एक दिवस पूर्ण विश्रांती अशी ही आखणी आहे. विश्रांतीच्या दिवशी चोरून धावणारी मुले असतात. त्यांना दुसऱ्या दिवशी घरी पाठवण्याची धमकी मिळते आणि ती नुसती धमकी नसते.

गोळ्याकडे मात्र विशेष लक्ष द्यावे असे मला वाटते, कारण गावाकडची मुले त्याला हलके समजतात. धावणे लहानपणापासून केलेले असते, गोळा मात्र हातात पहिल्यांदाच येतो. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा आणि मुलींचा ४ किलोचा. पूर्ण १५ गुणांसाठी मुलांना साडेआठ मीटर आणि मुलींना सहा मीटर अंतर गाठावे लागते. केवळ दंडाच्या जोरावर हे अंतर येत नाही. माझी भाची सुरुवातीला गोळा चेंडूसारखा खांद्याच्या मागून भिरकावत असे, त्यामुळे कोपर दुखायचे आणि अंतरही येत नसे. येथे गोळा शिकवणाऱ्या मॅडम राज्यस्तरावर खेळलेल्या आहेत. त्यांनी तिला आठवडाभर गोळ्याला हात लावू दिला नाही. मानेशी मूठ टेकवून, गुडघे वाकवून, कमरेतून वळत उठायचे एवढेच करून घेतले. गोळा बोटांच्या मुळाशी धरायचा, हनुवटीखाली टेकवायचा आणि पायांतून आलेला जोर शेवटी हातातून बाहेर ढकलायचा, ही साखळी एकदा जमली की मीटर-दीड मीटरचा फरक सहज पडतो. इतक्या फरकाला गुणांच्या तक्त्यात काही गुणांची किंमत असते, आणि गुणवत्ता यादीत अर्ध्या गुणावर नावे वर-खाली होतात. ज्या अकादमीत गोळ्यासाठी स्वतंत्र शिक्षक नाही, तिथे प्रवेश घेण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

१०० मीटरविषयी फार लिहिण्यासारखे नाही. मुलांसाठी साडेअकरा आणि मुलींसाठी चौदा सेकंदांना पूर्ण गुण आहेत. सुरुवातीची उडी आणि पहिली वीस पावले यांवर येथे काम होते, बाकी ज्याची त्याची देणगी.

दुखापतींबाबत संस्था जागरूक आहे, पण तिची जमीन तिला साथ देत नाही. ट्रॅक मुरमाचा आहे आणि उन्हाळ्यात तो दगडासारखा टणक होतो. नडगीच्या हाडाजवळ दुखणे ही येथील मुलांची नेहमीची तक्रार आहे, आणि ती दडवण्याकडे मुलांचा कल असतो, कारण दुखते म्हटले की सराव बंद होतो. प्रशिक्षक दर सोमवारी सगळ्यांच्या नडग्या बोटाने दाबून पाहतात. कळ आली की त्या मुलाला आठवडाभर सायकल आणि पोहणे. तालुक्याच्या गावी पोहायला विहीर आहे, तिथे संस्थेचा माणूस सोबत जातो. पावसाची तयारी मात्र येथे अजिबात करून घेतली जात नाही. २०२४ च्या मैदानी चाचण्या १९ जूनपासून, म्हणजे पावसाच्या तोंडावर सुरू झाल्या आणि अनेक ठिकाणी मैदानांवर चिखल झाला. त्या वेळी ओल्या मातीवर पाय कसा टाकायचा हे येथील मुलांना कोणीच सांगितलेले नव्हते. पाऊस आला की येथे सराव थांबतो आणि मुले अभ्यासिकेत जातात. भरतीची तारीख उमेदवाराच्या हाती नसते, तेव्हा पावसातही थोडे धावलेच पाहिजे.

उत्तेजक इंजेक्शनांबद्दल एक वाक्य लिहिणे भाग आहे. मैदानी चाचणीच्या आदल्या दिवशी 'काहीतरी' घेण्याची कुजबुज प्रत्येक अकादमीत असते. येथे पहिल्याच दिवशी पालकांसमक्ष सांगितले जाते की असे काही सापडले तर मुलाचे नाव त्याच दिवशी कमी होईल, आणि चाचणीत पकडला गेलेला उमेदवार केवळ ती भरती नव्हे तर पुढचे सारेच गमावून बसू शकतो. ही स्पष्टता मला आवडली. ती आवडली म्हणूनच त्याच कार्यालयाच्या काचेच्या कपाटात विकायला ठेवलेले प्रोटीन पावडरचे डबे खटकले. डबा घेतलाच पाहिजे अशी सक्ती नाही, पण प्रशिक्षकाने 'घेतलेला बरा' म्हटले की अठरा वर्षांच्या मुलाला ती सक्तीच असते. ज्या घरातून महिन्याची फी कशीबशी येते, त्या घरावर हा भुर्दंड कशासाठी? अंडी, मोड आलेली कडधान्ये, शेंगदाणे आणि दूध एवढ्यावर ही चाचणी निघते, असे तिथलेच प्रशिक्षक खासगीत मान्य करतात.

मेसचे जेवण साधे आणि पोटभर असते. दोन्ही वेळा भाकरी किंवा चपाती, उसळ, भाजी, वरण-भात; सकाळच्या सरावानंतर अंडी किंवा भिजवलेले हरभरे. मुलींचे वसतिगृह वेगळे असून तिथे राहणाऱ्या मॅडम खरोखर तिथेच राहतात, केवळ फलकावर त्यांचे नाव नाही. एका गोष्टीबद्दल संस्थेचे मनापासून कौतुक केले पाहिजे: प्रवेशाच्या वेळी प्रत्येक मुलीच्या रक्तातील हिमोग्लोबिन तपासले जाते आणि कमी असेल तर सराव हळूहळू वाढवत डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या दिल्या जातात. ८०० मीटरमध्ये धाप लागून मागे पडणाऱ्या कित्येक मुलींचा दोष जिद्दीचा नसतो, रक्ताचा असतो, हे इतक्या साधेपणाने ओळखणारी संस्था मी दुसरी पाहिलेली नाही.

लेखी परीक्षेचा भाग ठीक आहे, विशेष नाही. अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी, मराठी व्याकरण आणि सामान्य ज्ञानासह चालू घडामोडी असे विषय, शंभर प्रश्न, नव्वद मिनिटे, आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. वेगवेगळ्या घटकांच्या, म्हणजे जिल्ह्यांच्या आणि आयुक्तालयांच्या, प्रश्नपत्रिका वेगवेगळ्या असतात आणि प्रत्येकीचा स्वभाव थोडा निराळा असतो. येथे जुन्या प्रश्नपत्रिका जिल्हावार लावून ठेवलेल्या आहेत, ही सोय चांगली. गणिताचे शिक्षक उत्तम आहेत. शेकडेवारी, काळ-काम-वेग आणि नफा-तोटा ते कागद-पेन्सिल न वापरता सोडवायला शिकवतात, कारण प्रश्नामागे चोपन्न सेकंदच मिळतात. मराठी व्याकरणाचा तास मात्र पाठांतराचा आहे. समासाचे प्रकार आणि त्यांची उदाहरणे मुले घोकतात, आणि उदाहरण बदलले की गांगरतात. चालू घडामोडींसाठी एक छापील मासिक दिले जाते. ते वर्तमानपत्राची जागा घेऊ शकत नाही, आणि अभ्यासिकेत वर्तमानपत्र एकच येते. रोजची सराव परीक्षा, तिचे गुण भिंतीवर लावणे, शेवटच्या दहा जणांना उभे करणे हा प्रकार तर मला मुळीच मान्य नाही. त्याने मुले अभ्यास करतात हे खरे, पण एकमेकांपासून वह्या लपवायलाही शिकतात, आणि ज्या कामासाठी ती चालली आहेत तिथे सोबतच्या माणसावर विसंबल्याशिवाय रात्र निघत नाही.

आता त्या एका तासाकडे येतो. दर शनिवारी संध्याकाळी एक निवृत्त सहायक फौजदार येथे येतात. पस्तीसएक वर्षे खात्यात काढलेला, आवाज न चढवणारा माणूस. मुले त्यांना काका म्हणतात. त्यांचा तास कोणत्याही परीक्षेच्या अभ्यासक्रमात बसत नाही. ते ठाण्यातले काम सांगतात. ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर तक्रारदार येऊन उभा राहिला की पहिले वाक्य काय बोलायचे, स्टेशन डायरीत नोंद कशी करायची, मुद्देमाल ताब्यात घेताना त्यावर सही कोणाकोणाची, समन्स घेऊन गेल्यावर माणूस घरी नसेल तर काय करायचे, अकस्मात मृत्यूच्या ठिकाणी नातेवाइकांशी कसे बोलायचे. एका शनिवारी त्यांनी मुलांना वसतिगृहातून चोरीला गेलेल्या सायकलचा पंचनामा लिहायला लावला. सायकल चोरीला गेलेली नव्हतीच, पण मुलांनी लिहिलेले पंचनामे वाचून काकांनी जे दाखवून दिले ते मी मागच्या बाकावर बसून ऐकले आहे. कोणी वेळ लिहिली नव्हती. कोणी जागेच्या चार दिशांना काय आहे ते लिहिले नव्हते. एकाने 'चोराने कुलूप तोडले' असे लिहिले होते. "चोर तू पाहिलास का, बाळा?" काकांनी विचारले. "कुलूप तुटलेले दिसले, एवढेच लिही. तोडले कोणी ते न्यायालय ठरवेल." त्या एका वाक्यात मुलांना पुरावा आणि तर्क यांतला जो फरक कळला, तो सामान्य ज्ञानाच्या कुठल्याही गाइडात मिळणार नाही.

या तासात कायदाही येतो, पण कलमांची यादी म्हणून येत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. परीक्षेच्या दृष्टीने इतर वर्गांत मुलांना ही तीन नावे आणि तारीख पाठ असते. काका त्यापुढे जातात. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, दखलपात्र असेल तर तक्रार नोंदवून घ्यावीच लागते आणि मग ती योग्य ठाण्याकडे पाठवायची, हे आता कायद्यातच लिहिलेले आहे. तेव्हा 'ही आमची हद्द नाही' म्हणून बाईमाणसाला रात्री परत पाठवणाऱ्या पोलिसाला कायद्याचा आधार नाही. झडती आणि जप्तीचे चित्रीकरण करायचे असते. अटक करताना अटकेचा पंचनामा करून त्यावर साक्षीदाराची सही घ्यायची आणि नातेवाइकाला कळवायचे, हे डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने का घालून दिले, याची गोष्ट ते कोठडीतल्या मृत्यूंचा उल्लेख न टाळता सांगतात. खात्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने हे मुलांसमोर सांगणे सोपे नाही. तेच काका २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी हल्लेखोराच्या बंदुकीची नळी हातांनी धरून ठेवली तेही सांगतात, आणि लगेच जोडतात की त्या वेळी ओंबळे यांच्या हातात फक्त काठी होती. दोन्ही गोष्टी एकाच तासात ऐकलेला मुलगा वर्दीकडे निराळ्या नजरेने पाहतो.

नोकरीचे रोजचे रूपही मुलांना याच तासात पहिल्यांदा कळते. भरतीच्या जाहिरातीत वेतनश्रेणी असते, गणपतीतला सलग बंदोबस्त नसतो. दिवाळीत घरी नसणे, निवडणुकीच्या पेट्यांसोबत रात्र काढणे, मोर्चात शिव्या ऐकून गप्प उभे राहणे, आणि पाय दुखले तरी तंबूत बसायला खुर्ची नसणे. मुंबईत २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला तेव्हा ती बातमी का झाली, हे मुलांना सांगावे लागते. बारा तास हीच तोवर रीत होती. महिला अंमलदारांसाठी राज्यात आठ तासांची पाळी नंतर जाहीर झाली, पण बंदोबस्त लागला की घड्याळ बाजूला पडते, हेही काका सांगतात. माझ्या भाचीच्या बॅचमधल्या एका मुलीने हे सारे ऐकून भरतीचा विचार सोडला आणि ती परिचारिका अभ्यासक्रमाला गेली. अकादमीच्या चालकांना ही घटना तोट्याची वाटली. मला ती या तासाच्या यशाचा पुरावा वाटली, कारण नेमणूक झाल्यावर, प्रशिक्षण केंद्रात कित्येक महिने घालवल्यावर हे कळण्यापेक्षा आधी कळणे तिच्याही हिताचे आणि खात्याच्याही.

आणि तरीही हा तास वेळापत्रकात 'ऐच्छिक' आहे. मैदानी चाचणीच्या तारखा जवळ आल्या की तो रद्द होतो आणि त्या जागी आणखी एक सराव परीक्षा येते. चालकांना मी याबद्दल विचारले तेव्हा ते म्हणाले, "सर, पालक निकाल विचारतात, पंचनामा नाही विचारत." त्यांचे म्हणणे खोटे नाही. निवड झालेल्या मुलांचे फोटो असलेला फलक रस्त्यावरून दिसतो आणि प्रवेश त्यावर ठरतात. पण खात्याच्या प्रशिक्षण केंद्रात पोचल्यावर, मग ते खंडाळा असो, जालना असो की तुरची, कायद्याचा पहिला तास सुरू होतो तेव्हा ज्याने शनिवारी एकदा तरी पंचनामा लिहिलेला आहे त्याला काय फरक पडतो, हे या संस्थेच्या माजी विद्यार्थ्यांनीच मला सांगितले आहे. त्यांना बोलावून चालकांनी ऐकावे.

माझी सर्वांत गंभीर तक्रार प्रवेशाच्या पद्धतीबद्दल आहे. शिपाई पदासाठी मुलांची उंची किमान १६५ सेंटिमीटर आणि मुलींची १५५ सेंटिमीटर लागते. मुलांची छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर आणि फुगवून पाच सेंटिमीटर जास्त भरली पाहिजे. राज्य राखीव पोलीस बलासाठी मुलांची उंची १६८ लागते. छाती व्यायामाने सुधारते. उंची एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी लटकण्याने वाढत नाही, आणि हे येथील प्रत्येक प्रशिक्षकाला ठाऊक आहे. असे असूनही आमच्या महाविद्यालयातल्या एका मुलाला, ज्याची उंची अनवाणी १६३ भरते, येथे प्रवेश दिला गेला आणि 'वाढेल, बार मार' असे सांगून महिनोन्महिने फी घेतली गेली. तो मोजमापाच्या टेबलावरूनच परत आला. एक फूटपट्टी भिंतीला लावून पहिल्या दिवशी जे पाच मिनिटांत कळले असते, त्यासाठी त्याच्या वडिलांनी एक म्हैस विकली. संस्थेच्या बाकीच्या गुणांनी ही गोष्ट झाकली जाऊ नये.

याच प्रकारात वयाचा मुद्दा येतो. खुल्या प्रवर्गाला २८ आणि मागास प्रवर्गाला ३३ वर्षांपर्यंत संधी आहे, आणि भरती दरवर्षी ठरल्या वेळी निघत नाही. तिशीकडे झुकलेली, चौथ्या-पाचव्यांदा आलेली मुले येथे दिसतात. त्यांच्याशी बसून, यापुढे किती संधी उरल्या आणि सोबत दुसरे काय करता येईल, हे बोलणारा कोणी नाही. गृहरक्षक दल, वनरक्षक, कारागृह शिपाई, अग्निशमन, सुरक्षा मंडळ अशा वाटा आहेत. कित्येकांना त्यांची वेगळी शारीरिक चाचणी हीच तयारी वापरून देता येते. जुन्या उमेदवाराची फी नियमित येत असते, म्हणून त्याला कोणी जागे करत नाही, असा माझा समज झाला आहे, आणि तो खोटा ठरला तर मला आनंदच होईल.

कागदपत्रांच्या बाबतीत मात्र ही अकादमी अनेकांना मागे टाकते. अर्ज भरण्याआधी अधिवास, जातीचा दाखला, उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र, त्याच्या वैधतेची मुदत, समांतर आरक्षणाचा दावा असेल तर खेळाडू, प्रकल्पग्रस्त, भूकंपग्रस्त किंवा पोलीस पाल्य यांचे पुरावे, हे सगळे कार्यालयातील एक बाई स्वतः तपासतात आणि नावातला एका अक्षराचा फरकही शपथपत्राने दुरुस्त करून घ्यायला लावतात. एका पदासाठी एकाच घटकात अर्ज करायचा असतो, तेव्हा जिल्हा कोणता निवडावा याचाही सल्ला त्या मागील निकालांचे तक्ते समोर ठेवून देतात. मुंबईत जागा जास्त म्हणून सगळ्यांनी मुंबईकडे धाव घेऊ नये, असे त्यांचे सांगणे असते.

फी राहणे-जेवणासह महिन्याला साडेसहा हजार रुपये आहे, जी आसपासच्या संस्थांच्या मानाने मध्यम म्हणावी लागेल. ज्यांना ती झेपत नाही त्यांनी आधी बार्टी, सारथी आणि महाज्योती या शासकीय संस्थांच्या विनामूल्य प्रशिक्षण योजनांची चौकशी करावी. पात्र उमेदवाराला तिथे विद्यावेतनही मिळते, आणि आमच्या भागात ही माहिती असलेली घरे अजूनही थोडी आहेत. तरीही येथेच प्रवेश घ्यायचा झाल्यास, मुलाची उंची आणि छाती पालकांच्या समोर मोजून ती प्रवेश अर्जावर लिहायला लावावी, मुदतीपूर्वी सोडल्यास किती फी परत मिळेल ते पावतीवर नोंदवून घ्यावे, प्रोटीनच्या डब्याला नम्रपणे नकार द्यावा आणि शनिवारच्या तासाला मुलगा बसतो की नाही, हे दर महिन्याला फोन करून विचारावे.